पोहण्याची परीक्षा

"तुला पोहावं लागणार नाही," कोच कोवॅल्स्की मला म्हणाल्या. "तुमच्या धर्मात चालत नाही ना ते. सूट लिहून टाकते."

मी धर्माबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. व्यायामशाळेच्या ऑफिसबाहेरच्या रांगेत माझा नंबर आला होता, इतकंच. पण मला पोहता येत नव्हतं, आणि सूट म्हटल्यावर एवढं हायसं वाटलं की मी नुसती मान डोलावली आणि बाजूला झाले.

ही १९८४ सालच्या मार्चमधली गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आम्ही कोल्हापूरहून ओहायोतल्या एल्ड्रिज फॉल्स या गावी आलो होतो. बाबा तिथल्या टायरच्या कारखान्यात रसायनांचं काम बघायचे आणि मी गावच्या सरकारी हायस्कुलात बारावीला होते. त्या शाळेचा एक जुना नियम होता. शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने शाळेच्या तलावाची एक लांबी, मध्ये कुठेही हात न टेकता, पोहून दाखवायची. एकदा दुसरी संधी मिळायची, तरीही नाही जमलं तर डिप्लोमा, म्हणजे शाळा पूर्ण केल्याचा दाखला, नाही. फार पूर्वी शाळेची दोन मुलं नदीत बुडाली होती, त्यानंतर गावाने वर्गणी काढून तलाव बांधला आणि हा नियम केला. शाळेचं ते पंच्याहत्तरावं वर्ष होतं, म्हणून मोठ्या जिन्याजवळ जुने फोटो लावले होते. त्यात तलावाच्या उद्घाटनाचाही होता. पांढऱ्या टोप्या घातलेली मुलं काठावर ओळीने वाकून उभी, सूर मारायच्या तयारीत.

माझ्यामागे रांगेत ओडेसा टिलमन होती. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पहिल्याच दिवशी तिने माझ्याकडून माझं नाव चारदा म्हणवून घेतलं होतं आणि त्यानंतर ती मला 'वैजयंती' अशीच हाक मारायची. बाकीच्या शाळेने माझं 'व्ही' करून टाकलं होतं.

"टिलमन, तुलाही सूट," कोच वर न बघता म्हणाल्या.

"कशासाठी?"

"नेहमीसारखीच. नववीतही होती की तुला."

"मला नकोय."

कोचनी मान वर केली. त्या पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, गळ्यात कायम शिट्टी असलेल्या बाई होत्या. चिडलेल्या नव्हत्या, नुसत्या बुचकळ्यात पडल्या होत्या. पोहता येतं का, असं त्यांनी विचारलं. ओडेसा नाही म्हणाली. मग कसं करणार, तर म्हणाली, शिकेन. नियम काय आहे ते कोचनी तिला पुन्हा एकदा सांगितलं, मे महिन्यात परीक्षा आहे हेही सांगितलं. क्लीव्हलंडच्या नर्सिंग कॉलेजात ओडेसाला शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला होता. डिप्लोमा नसेल तर दोन्ही गेलं असतं. हे कोचना ठाऊक होतं आणि मलाही.

"नियम माहीत आहे मला," ओडेसा म्हणाली. "सूट खोडा."

परतीच्या बसमध्ये ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "तुमच्या धर्मात पाण्याबद्दल काय सांगितलंय?"

ती चेष्टा करत नव्हती. मी विचार करायला लागले. आम्ही गणपती पाण्यात सोडतो, असं सांगितलं. माणूस गेला की त्याच्या अस्थीही पाण्यातच सोडतो. माझी आजी कार्तिक महिनाभर पहाटे नदीवर आंघोळीला जायची. सांगता सांगता माझं मलाच विचित्र वाटायला लागलं.

"म्हणजे चालतं," ओडेसा म्हणाली.

"चालतं."

"मग कोचना कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. त्यांनी विचारलंच नाही."

"मलाही नाही विचारलं," ती म्हणाली. मग तिने नववीतलं सांगितलं. पोहण्याचा तास आला की वर्गातल्या सगळ्या काळ्या मुलांना लायब्ररीत पाठवायचे. कुणाचे केस, कुणाची कातडी, कुणाचं हृदय, काही ना काही कारण लिहिलेलं असायचं. कारण कुणी ठरवलं हे मुलांनाही माहीत नव्हतं. फुकटचा तास मिळतोय म्हणून सगळे खुशीत जायचे. तीही जायची.

मग आताच का, असं मी विचारलं.

"मला पोहायचंय," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी कोचच्या ऑफिसात जाऊन माझीही सूट रद्द करून आले. कुणाची कीव आली म्हणून नव्हे. माझ्या धर्माविषयी एक खोटी गोष्ट लिहिली गेली होती आणि मी तिला मान डोलावली होती, ते मला रात्रभर खुपत राहिलं.

घरी सांगितल्यावर बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. मला कोलंबसच्या विद्यापीठात इंजिनिअरिंगला जागा मिळाली होती. मिळालेली सूट कुणी परत करतं का, असं त्यांचं म्हणणं. आपण इथे नवीन आहोत, शाळेशी कशाला वाकडं घ्यायचं, ज्यांचं गाव ते बघून घेतील. ते वाईट बोलत नव्हते, घाबरले होते. आईची काळजी वेगळीच होती. वयात आलेली मुलगी, आणि सगळ्या शाळेदेखत उघड्या मांड्यांनी पाण्यात उतरणार. तिने सरळ नाही म्हणून टाकलं.

तेव्हा मी तिला सांगितलं की आपल्या धर्मात पाण्यात उतरणं चालत नाही, असं शाळेने लिहून ठेवलंय.

आई भाकऱ्या थापत होती. तिचे हात थांबले.

"कुणी लिवलं?"

"कोचनी."

"आमच्या धर्मात पाणी चालत नाही?" आई कोल्हापूरच्या बायका बोलतात तशी, पुरुषासारखी बोलायची. "मी पंचगंगेत पोहायला शिकलो. पाठीला डबा बांधून. माझी आई शिकली, तिची आई शिकली. आणि ही बाई सांगणार काय चालतं नि काय नाही?"

बाबांनी पुन्हा डिप्लोमाचा विषय काढला. आईने तवा खाली उतरवला.

"बुडली तर काढतील की बाहेर. माणसं हाईत तिथं," ती म्हणाली. "उतरू दे तिला."

त्या शनिवारी तिने कापड आणून मला पोहण्याचा पोशाख शिवला. गुडघ्यापर्यंत पाय, कोपरापर्यंत बाह्या, नेव्ही ब्ल्यू. अमेरिकेत तसा पोशाख कुणी पाहिला नसेल. कोचनी तो उलटसुलट करून बघितला, कापड ओढून पाहिलं आणि म्हणाल्या, "चालेल."

शिकवायला मात्र त्यांच्याकडे वेळ नव्हता. शिकायचे तास नववीतच संपलेले. सकाळी शाळेच्या पोहण्याच्या संघाचा सराव चालायचा, तेव्हा कडेची लेन रिकामी असते, ती वापरा, एवढंच त्या म्हणाल्या. म्हणून आम्ही रोज सकाळी उजाडायच्या सुमाराला तिथे जायला लागलो. ओडेसाची आई पोस्टात कामाला होती, तीच आम्हाला गाडीतून सोडायची. पण ती कधी आत आली नाही. फाटकापाशी गाडी थांबवायची, आम्ही उतरलो की निघून जायची.

पहिले काही दिवस आम्ही उथळ बाजूला काठ धरून नुसते पाय मारले. संघातली मुलं आमच्या शेजारून सपासप जायची आणि आमच्या तोंडावर पाणी उडायचं. मी आईला विचारून आले होते. श्वास भरून घे आणि उताणी पड, म्हणाली होती, भरलेला डबा बुडतो, रिकामा नाही. मी दोन दिवसांत तरंगायला लागले. ओडेसाला ते जमेना. पाठ टेकली की तिचं सगळं अंग ताठ व्हायचं आणि ती दगडासारखी खाली जायची. खोकत उठायची, डोळे पुसायची, परत आडवी व्हायची. नाकातोंडात पाणी गेलं नाही असा तिचा एकही दिवस गेला नाही.

शाळेतल्या पोहायच्या टोप्या तिच्या केसांवर बसायच्या नाहीत. केस भिजले की पुन्हा कुरळे व्हायचे, परत सरळ करायला घरी तास-दीड तास जायचा, गरम कंगवा घेऊन. एका सोमवारी ती केस अगदी बारीक कापून आली. रविवारी चर्चमधल्या बायका तिच्या आईला काय काय बोलल्या ते तिने मला सांगितलं आणि टोपी घातली. ती आता बरोबर बसत होती.

त्याच आठवड्यात कधीतरी कोच कोवॅल्स्की आपल्या उंच खुर्चीवरून उतरल्या. बरेच दिवस त्या आमच्याकडे बघत असाव्यात. पायातले बूट काढून, अंगातल्या कपड्यांनिशीच त्या कमरेएवढ्या पाण्यात आल्या आणि त्यांनी ओडेसाच्या पाठीखाली हात धरला.

"मी सोडणार नाही," त्या म्हणाल्या. "तू सांगशील तेव्हाच सोडीन."

ओडेसा बराच वेळ तशी पडून राहिली. मग म्हणाली, "सोडा." आणि ती तरंगली.

त्यानंतर कोच रोज पाण्यात यायच्या. श्वास कसा सोडायचा, मान कुठे वळवायची, सगळं त्यांनी आम्हाला नववीच्या पोरांसारखं पहिल्यापासून शिकवलं. त्या फार बोलत नसत. एकदा मात्र ओडेसाला तरंगायची फळी देता देता म्हणाल्या की मी इथे लागले तेव्हा आधीच्या कोचनी सूट कुणाकुणाला द्यायची ते सांगितलं होतं, आणि मी तसंच करत आले. ओडेसाने फळी घेतली आणि पाय मारायला लागली.

मे महिन्याच्या सुरुवातीला मुख्याध्यापक हॅलोरन यांनी आम्हा दोघींना बोलावून घेतलं. गोड माणूस होता. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, शाळेच्या पंच्याहत्तर वर्षांच्या परंपरेबद्दल बोलले. ही परीक्षा म्हणजे शाळेचा अभिमान आहे, म्हणाले, पण शाळेला माणुसकीही आहे. दोघी हुशार मुली, दोघींना कॉलेजं मिळालेली, एका तलावापायी ते घालवू नका. सूट अजूनही मिळू शकते. कुणाला कळणारही नाही.

"आजवर कुणाकुणाला मिळाली ही सूट?" ओडेसाने विचारलं.

"ज्यांना गरज होती त्यांना."

"त्यांनी मागितली होती का?"

हॅलोरन यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले की जुन्या गोष्टी उकरून काय मिळणार. ओडेसा म्हणाली, मी काही उकरत नाहीये, मी पोहणार आहे. आम्ही उठलो. जिन्याजवळच्या त्या फोटोपुढे ती क्षणभर थांबली, आणि मग आम्ही वर्गात गेलो.

परीक्षेच्या दिवशी बारावीचा सगळा वर्ग तलावाच्या बाकांवर होता. बहुतेकांना ती करमणूकच होती, लहानपणापासून पोहत आलेली पोरं. माझा नंबर आधी आला. माझ्या पोशाखाला काहीजण हसले. मी उडी न मारता शिडीने उतरले आणि निघाले. निम्म्यावर माझे दंड भरून आले, शेवटी शेवटी तर मी पोहत होते की नुसती हातपाय झाडत होते कोण जाणे. पण हात भिंतीला लागला. कोचनी शिट्टी वाजवली आणि माझ्या नावापुढे खूण केली.

ओडेसा माझ्यापेक्षा छान निघाली. पाऊणएक अंतर तिने व्यवस्थित कापलं. त्या तलावाच्या तळाशी प्रत्येक लेनमध्ये एक काळी पट्टी होती, आणि खोल बाजूला तळ एकदम उतरत जायचा, तशी ती पट्टीही खाली खाली जाऊन अंधुक व्हायची. तिथे तिने खाली बघितलं. मला काठावरून तिची मान थबकलेली दिसली. दोन हात वेडेवाकडे पडले आणि तिने लेनच्या कडेचा दोर धरला.

बाकांवर कुणी हसलं नाही. कोचनी शिट्टी वाजवली, ती फार हळू वाजली.

ओडेसा दोराला धरून तशीच होती, धापा टाकत. हॅलोरन काठापाशी आले आणि उकिडवे बसले. ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण तिचं उत्तर आलं.

"नियमात दुसरी संधी आहे ना? मला ती द्या."

दुसरी संधी पदवीदान समारंभाच्या आदल्या दिवशी, दुपारी होती. आधीचे सगळे दिवस आम्ही फक्त खोल बाजूला काढले. कोचनी तिला तळापर्यंत बुडी मारून ती पट्टी हाताने शिवायला लावली. पहिल्यांदा ती रडत वर आली. पण नंतर पुन्हा गेली, आणि पुन्हा.

त्या दुपारी तलावावर आम्ही मोजकेच होतो. कोच, ओडेसा, मी. बाकं रिकामी. आणि दारातून ओडेसाची आई, मिसेस टिलमन, आत आल्या. निळा ड्रेस, हातात मोठी पिशवी. पोस्टातून सुट्टी घेऊन आल्या असाव्यात. एक क्षण त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. मग येऊन माझ्याशेजारी बसल्या. ओडेसा पलीकडे दंड मोकळे करत होती.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तुम्ही इथे पहिल्यांदाच आलात ना?"

"नाही," त्या म्हणाल्या. "मी याच शाळेची. बावन्न साली बाहेर पडले."

मला हे माहीत नव्हतं. त्या पाण्याकडे बघत होत्या.

"आमचं घर नदीकाठी होतं," त्या म्हणाल्या. "मी माझ्या भावांच्या पुढे जायचे पोहताना. ही परीक्षा आली तेव्हा मला वाटलं, एवढीशी लांबी, ही तर मी झोपेत पोहेन. टॉवेल घेऊन आले होते. तेव्हाचे कोच म्हणाले, तुला सूट आहे. मी म्हटलं, सर, मला पोहता येतं. ते म्हणाले, येत असेल, पण तू उतरलीस तर आम्हाला सगळं पाणी बदलावं लागेल."

त्यांचा आवाज चढला नाही.

"सगळा वर्ग पोहून होईपर्यंत मी त्या भिंतीशी उभी होते. माझं नाव आलं तेव्हा ते 'सूट' म्हणाले आणि पुढचं नाव घेतलं. डिप्लोमा मिळाला मला. त्यानंतर मी नदीतही गेले नाही. हिलाही शिकवलं नाही. मागच्या वर्षी हिने विचारलं की मॉम, आपल्या घरात कुणालाच कसं पोहता येत नाही, तेव्हा सांगितलं."

कोचनी ओडेसाला हाक मारली. कोच तिथून फार लांब नव्हत्या. त्यांनीही सगळं ऐकलं असावं, कारण शिट्टी तोंडाशी नेताना त्यांचा हात जरा रेंगाळला.

ओडेसा पाण्यात उतरली. मी उठून काठाकाठाने तिच्याबरोबर चालायला लागले. उथळ भाग गेला. निम्मं अंतर गेलं. तळ उतरायला लागला तिथे मी पाहिलं, तिचं तोंड खालीच होतं, ती पट्टीकडे बघत होती, आणि हात चालू होते. एकदा पाणी तोंडात गेलं. ती खोकली, वाकडी झाली, दोर तिच्या दंडाला घासला. तिने तो धरला नाही. मग शेवटचे काही हात, मोठे, थकलेले, आणि तिचा तळवा भिंतीवर आपटल्याचा आवाज त्या सगळ्या रिकाम्या जागेत घुमला.

"पास," कोच म्हणाल्या.

ओडेसा बराच वेळ काठावर कपाळ टेकून राहिली. मी खाली बसून तिचा हात धरला. वर बघून ती म्हणाली, "मॉम कुठे आहे?"

बाकावर नुसती त्यांची पिशवी होती, रिकामी.

मिसेस टिलमन कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर आल्या. अंगात काळा पोहण्याचा पोशाख होता, इतका नवा की पाठीवर दुकानाची चिठ्ठी तशीच लोंबत होती. त्या पन्नाशीच्या होत्या, अंगाने भरलेल्या, आणि अनवाणी पावलं ओल्या फरशीवर जपून टाकत होत्या. चालत येऊन त्या कोचसमोर उभ्या राहिल्या.

"माझी परीक्षा राहिली आहे," त्या म्हणाल्या.

कोच कोवॅल्स्कींनी एकदा दाराकडे बघितलं. मग त्यांनी पेन काढलं.

"नाव?"

"रूथ एलन गेन्स. आता टिलमन. बावन्नचा वर्ग."

"गेन्स," कोचनी मोठ्याने पुकारलं, भरल्या वर्गापुढे पुकारावं तसं. "चौथी लेन."

मिसेस टिलमन उथळ बाजूच्या काठावर उभ्या राहिल्या. शिट्टी वाजली आणि त्यांनी सूर मारला. कुशीवर वळून, डोकं पाण्याबाहेर ठेवून, एक हात लांब टाकत त्या पोहत होत्या. संघातली मुलं असं पोहत नसत. नदीवर शिकलेली माणसं तशी पोहतात, मी पंचगंगेत पाहिली होती. त्यांना घाई नव्हती. पाण्याचा फारसा आवाजही होत नव्हता. ओडेसा काठाला धरून, तोंडावर हात ठेवून, आपल्या आईला जवळ येताना बघत होती.

हात भिंतीला लागला.

"पास," कोच म्हणाल्या, आणि त्यांनी नावापुढे खूण केली.

मिसेस टिलमननी मुलीकडे बघितलं, श्वास घेतला. परत जायचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी भिंतीला पाय लावून अंग वळवलं आणि त्या परत निघाल्या.